उंबऱ्याजवळची रेघ

चौऱ्याण्णव. शंभरातले चौऱ्याण्णव लोक म्हणाले होते की नव्या राष्ट्राध्यक्षांचं उत्तम चाललंय, आणि तेव्हापासून ताईला अन्न गोड लागत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, यात घाबरण्यासारखं काय आहे? एखाद्याला चांगले गुण मिळाले तर मिळाले. पण ताईचा निम्मा जन्म लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारण्यात गेला होता. पाणी ओलं असतं का, असं विचारलं तरी दहा-बारा जण डोकं खाजवतात आणि दोघं-तिघं भांडायला उठतात, हे तिने स्वतः पाहिलं होतं. चौऱ्याण्णव लोकांचं एकमत तिने आजवर कशावरच पाहिलं नव्हतं.

हे विचारणी कार्यालय बाबांनी तरुणपणी काढलं होतं. खाली कार्यालय, वर बिऱ्हाड. नवा राष्ट्राध्यक्ष आला की त्याला थोडं बस्तान बसवू द्यायचं, आणि मग बाबांची माणसं शहरभर फिरून एकच प्रश्न विचारायची: कारभार कसा वाटतो, चांगला की वाईट? मधलं काही नाही. आकडा संध्याकाळच्या पेपरात यायचा आणि पुढचा आठवडाभर लोक त्यावर एकमेकांचं डोकं खायचे. मागच्या राष्ट्राध्यक्षांना शंभरात छत्तीस मिळाले होते. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, त्या छत्तिसांत माझ्या घरचे किती हो? ही गोष्ट बाबा अजूनही सांगत. अलीकडे मात्र सांगायच्या आधी खिडकी लावून घेत.

रविवार होता, म्हणून सगळे वर बाबांकडे जेवायला जमले होते. ताई ताटं मांडत होती. भाऊ, म्हणजे ताईचा पाठचा, सरकारी दवाखान्यात क्ष-किरण काढायचा. तो येऊन मुकाट्याने आपल्या खुर्चीवर बसला होता. त्याची बायको स्वयंपाकघरातून वाडगे आणत होती. भावजय शाळेत गाणं शिकवायची. एरवी तिने स्वयंपाकघरातून मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक मीठ घेऊन येतील असा तिचा आवाज. आज मात्र ती बोलत होती ते समोरच्यालाही कान देऊन ऐकावं लागत होतं. दीड-दोन महिने झाले, तिचा आवाजच खाली बसला होता, आणि घसा बघायला गेलं तर घशाला काही झालेलं नव्हतं.

झालं होतं ते ठोंब्याला. ठोंब्या म्हणजे भाऊचा मुलगा. लहानपणी कुठल्याही प्रश्नाला नुसता बघत राहायचा म्हणून ताईनेच लाडाने हे नाव ठेवलेलं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं न्यायालय नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका सहीत बंद केलं, तेव्हा कॉलेजची मुलं त्याच्या फाटकापाशी जमली. ठोंब्या त्यांच्यात मागे कुठेतरी उभा होता. त्याला नेलं, काही दिवस ठेवलं आणि परत आणून सोडलं. काय केलं रे, असं विचारलं तर म्हणाला, गप्पा मारल्या. तेव्हापासून दर सोमवारी त्याला हजेरीला जावं लागे आणि तो परत येईपर्यंत त्याची आई बसत नसे, घरभर उभीच फिरे. आत्ता तो आतल्या खोलीत झोपला होता. हल्ली तो दिवसाढवळ्याही झोपायचा.

भाऊने पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, आकडा आला का. ताईने सांगितला.

भाऊने डोळे मिटले आणि खुर्चीत मागे रेलला. भावजयीने वाडगा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. दोघांच्याही जिवात जीव आला होता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही. बाबांनी मात्र चमचा ताटात ठेवून दिला.

"एवढे गुण तुझ्या आईने मला उभ्या जन्मात दिले नाहीत," ते म्हणाले, "आणि तिचं माझ्यावर प्रेम होतं."

धाकटी तेवढी हसली. धाकटी म्हणजे सगळ्यांत लहान बहीण. तिचा नवरा तिच्या शेजारी बसला होता. त्याला घरात सगळे जावईबापू म्हणत, थोडं मानाने आणि थोडं चेष्टेने. पूर्वी तो रेडिओवर सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. गोलंदाज नुसता बूट बांधत असला तरी ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा असं बोलायचा. नवं सरकार आलं आणि त्याला राष्ट्राध्यक्षांच्या प्रसिद्धी कार्यालयात बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती, असं तो म्हणायचा. ते खरं असेल, पण गाडी मिळाली तेव्हा तो खूश होता हेही घरात सगळ्यांनी पाहिलं होतं.

"आम्हाला कळलंय," जावईबापू भाकरी मोडत म्हणाला. "नव्वदच्या वर आहे असं काल सकाळीच कानावर आलं. सगळे खूश आहेत."

ताईचा हात जागच्या जागी थांबला. घरात तिने कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. काल सकाळी ती संध्याकाळच्या पेपरच्या संपादकांशी बोलली होती, फोनवर, खाली कार्यालयात एकटी बसून. आणि संपादक तर तिच्यापेक्षा जास्त घाबरलेले होते, ते कोणाला सांगायला जाणार नव्हते. म्हणजे फोन कोणीतरी ऐकत होतं. तिने जावईबापूकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो घाईघाईने भाजीची तारीफ करू लागला.

ताईने मग मनातलं बोलून टाकलं. आकडा ती देणार होती, पण त्याच्याखाली एक ओळ टाकून: या वेळी लोकांनी दार पुरतं उघडलं नाही. एवढंच. जे दिसलं तेच. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं उदाहरण तिने दिलं. हा माणूस वस्तरा हातात घेऊन सगळ्या जगाचे वाभाडे काढायचा. त्याच्याकडे दाढीला जायचं म्हणजे एका कानाची आशा सोडून जायचं. तिने प्रश्न विचारल्यावर तो चांगला म्हणाला आणि मग गिऱ्हाईक सोडून तिला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. चांगला म्हणाला हे नीट ऐकू आलं ना, असं त्याने दोनदा विचारलं. अशा उत्तराला मत म्हणायचं का?

"तो जे बोलला ते लिहायचं," भाऊ म्हणाला. "त्याच्या पोटात काय आहे ते आपण कधीपासून लिहायला लागलो? मी हाडाचा फोटो काढतो ताई, माणसाला दुखतंय किती ते त्यात येत नाही. आणि तो फोटो खोटा नसतो."

बोलणं बिनतोड होतं. बाबांनी इतकी वर्षं हेच शिकवलं होतं. धाकटी म्हणाली, ओळ टाकली तर काय होईल? फार फार तर पेपरवाले ती काढून टाकतील. त्यावर भावजय बोलली, तिच्या त्या नव्या बारीक आवाजात.

"काय होईल ते मी सांगते. मी आजपासूनच उभी आहे. उद्या सोमवार आहे. ताई, तुम्ही ओळ टाका, खुशाल टाका. पण मग उद्या ठोंब्याला तिथे तुम्ही घेऊन जा आणि तुम्हीच परत घेऊन या."

ठोंब्याला पहिलं अक्षर ताईने शिकवलं होतं. त्याच्या दुधाच्या दातापासून ते पहिल्या दाढीपर्यंत सगळं तिच्यासमोर झालेलं. घरात तिच्यावर राग धरायचा हक्क कोणाला असेल तर तो या बाईला होता, आणि ती रागाने बोलतही नव्हती. ताई म्हणाली, बरं, ओळ राहू दे. हे म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याबरोबर सुटल्यासारखंही वाटलं. टेबलावरचं वारं एकदम बदललं. भाऊने ताईच्या ताटात भाजी वाढली. भावजय तिच्या शेजारी येऊन बसली.

इथे सगळं मिटलं असतं. पण घरातला ताण निघाला की काहीतरी रंगवून सांगायचं ही जावईबापूची जुनी खोड. सासऱ्यांचा उतरलेला चेहरा बघून त्याला वाटलं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल असं बोलावं.

"बाबा, तुमच्या कार्यालयाचं आमच्याकडे फार कौतुक आहे हं," तो म्हणाला. "एकजण म्हणाला, असल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवतो? मी म्हटलं, थांबा. आमचे सासरे काय करतात माहितीये का? मग मी त्यांना खडूची गोष्ट सांगितली."

बाबा खुलले. खडूची पद्धत हा त्यांचा जिवाचा विषय होता.

झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी कुठल्याशा राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी ओरड केली, या कार्यालयातले लोक घरबसल्या वाईट उत्तरं रचतात. बाबांच्या ते मनाला इतकं लागलं की त्यांनी नियमच करून टाकला. जो कोणी 'वाईट' म्हणेल त्याच्या दारी दुसऱ्या माणसाने पुन्हा जायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. उत्तर टिकलं तरच धरायचं. नाव किंवा पत्ता मात्र कागदावर येता कामा नये, लोकांना तसा शब्द दिलेला. मग दुसऱ्या माणसाला घर सापडणार कसं? तर पहिल्याने निघताना दाराच्या चौकटीला, खाली उंबऱ्याजवळ, खडूने एक आडवी रेघ ओढायची. बोटभर लांब. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत येणार नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल. शाळेतली पोरं भिंतीवर एवढी चित्रं काढतात, त्यात एक रेघ कोण बघतो? बाबांना या युक्तीचा अभिमान होता आणि ताईलाही होता. या वेळीसुद्धा रेघा ओढल्या गेल्या होत्या. दुसऱ्या फेरीत निम्मे लोक बदलले, वाईटचे चांगला म्हणू लागले, म्हणून तर आकडा चौऱ्याण्णववर गेला. पण रेघ पुसायची पद्धत नव्हती. ती आपोआप जायची.

"मग काय म्हणाले ते?" बाबांनी विचारलं.

"खूप हसले. म्हणाले, किती सोपं आहे. सुरक्षेचे जे मोठे साहेब आहेत ना, ते एरवी कधी बोलत नाहीत, पण त्यांनीही विचारलं, अशी रेघ किती दिवस राहते? मी म्हटलं, पाऊस पडेपर्यंत."

बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस पडायला अजून कितीतरी अवकाश होता.

जावईबापू एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, ते काढायचं त्याला सुचलं नव्हतं. मग त्याला कळलं. कळलं ते सगळ्यांना दिसलं, कारण त्याने हातातली भाकरी खाली ठेवली आणि हात टेबलाखाली नेले.

शहरात ज्यांनी ज्यांनी एकदा का होईना 'वाईट' म्हणायची हिंमत केली, त्यांच्या नेमक्या दाराला ताईच्या माणसांनी स्वतःच्या हाताने खूण करून ठेवली होती. नंतर जे भ्याले आणि बदलले, त्यांच्याही दाराला. कोणाला चौकशी करायला नको, कोणाला फितवायला नको, कोणाचं नाव काढून घ्यायला नको. नुसतं खाली बघत रस्त्याने चालायचं.

"कधी सांगितलंत?" तिने विचारलं.

"शुक्रवारी. चहा पिताना." त्याचा धावत्या वर्णनाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ताई, मी तुमच्या चांगुलपणाबद्दल बोलत होतो. आईशपथ. तुम्ही किती काटेकोर आहात ते."

तो खरं बोलत होता, हेच तर सगळ्यांत वाईट होतं. त्याच्यावर ओरडून मोकळं व्हावं तर तेवढीही सोय नव्हती.

ताई उठली आणि स्वयंपाकघरातून जुनं फडकं ओलं करून घेऊन आली. बाकीच्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. भाऊ दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की आता काही करणं म्हणजे आगीत हात घालणं. रेघा गेलेल्या दिसल्या तर त्या कोणी पुसल्या हे शेंबडं पोर सांगेल. रेघांबद्दल माहिती कोणाला आहे? या घराला. आणि या घरातला कोण सापडेल? तो आतल्या खोलीकडे बघून बोलत होता. तिथून ठोंब्याच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"आपण काही केलं नाही, असं म्हणता येईल आत्ता," भाऊ म्हणाला. "फडकं घेऊन खाली उतरलीस की ते म्हणता येणार नाही."

"आपण केलंय," ताई म्हणाली. "तेच तर."

बाबा टेबलाचा आधार घेऊन उभे राहिले. रेघ माझी आहे, मी पुसतो, असं काहीतरी ते पुटपुटत होते. त्यांना जिना उतरायलाच आधार लागे, मग गल्लीगल्लीत वाकणार कसे? दोन पावलं टाकून ते तिथेच थांबले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाबांना रडताना ताईने आई गेली तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. भावजयीने त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं.

मग ती ताईकडे आली आणि तिने ताईचं मनगट पकडलं. घट्ट, दुखेल इतकं.

"ते लोक कोण आहेत ते मला कोणी सांगायला नको," ती म्हणाली. "त्यांनाही पोरं असतील. मला सगळं कळतं हो ताई. पण मला माझाच दिसतो. मी काय करू?"

"काही करू नकोस. मला शिव्या दे."

भावजयीने शिव्या दिल्या नाहीत. तिने हातही सोडला नाही. ताईने एकेक बोट करून तो सोडवला, लहान मुलाच्या मुठीतून एखादी वस्तू काढून घ्यावी तसा, आणि मग भावजय दाराकडे पाठ करून ठोंब्याच्या खोलीत निघून गेली.

धाकटी घरातली लाडकी, तिला कोणी कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं आणि काही करायलाही सांगितलं नव्हतं. तिने दुसरं फडकं ओलं केलं, पिळलं आणि पिशवीत टाकलं. ती मास्तरणीकडे जाते म्हणाली. मास्तरीण म्हणजे ताईच्या विचारणाऱ्या बायकांतली सगळ्यांत जुनी, शाळेतून निवृत्त झालेली. कोणी कुठल्या गल्लीत रेघा ओढल्या ते तिच्या तोंडपाठ असे. फोन करायचा नाही, पायी जायचं, आणि बाकीच्या बायकांना मास्तरणीनेच पायी सांगत सुटायचं. ताईने लांब कारखान्याकडचा भाग त्यांच्यावर सोडला. जवळच्या गल्ल्या तिच्या.

जावईबापू उठला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि ताटावर मान खाली घातली.

"मी जेवतोय," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं. मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन."

त्याच्याकडून मिळण्यासारखं तेवढंच होतं. ते त्याने दिलं, आणि ताईने मनातल्या मनात त्याबद्दल त्याचे आभारही मानले. भाऊ दारातून बाजूला झाला.

रस्त्यावर रविवारची सामसूम होती. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात रस्ते खरोखर चांगले झाले होते, कोणीही मान्य करावं. खड्डे बुजले होते, दिवे बदलले होते, बस वेळेवर यायची आणि तिच्यात बसलेली माणसं शिस्तीत खिडकीबाहेर बघत असायची. ताई भिंतीच्या कडेने चालू लागली. इतकी वर्षं ती दारांच्या वरच्या भागाकडे बघत आली होती, घंटेकडे, पाटीकडे, उघडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे. आज पहिल्यांदाच ती खाली उंबऱ्याकडे बघत चालली होती. असं बघत चालणारा माणूस किती वाईट दिसतो हे तिला स्वतःलाच जाणवत होतं. समोरच्या गॅलरीतली एक बाई वाळत घातलेले कपडे काढता काढता थांबली आणि आत गेली.

पहिली रेघ तिला शिंप्याच्या दारात सापडली. दाराला कुलूप होतं. खिडकीतून शिवणयंत्र दिसत होतं आणि सुईखाली बाहीचं कापड अर्धं शिवलेलं तसंच होतं. शिंपी रविवारीही काम करायचा. ताई पुसायला वाकली. खडूच्या रेघेला लागून कोणीतरी निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. लहानशी, नीटनेटकी, शाळेत बरोबर आलेल्या गणितावर करतात तशी.

घरी परत जावं, दार लावून घ्यावं, पांघरूण घेऊन ठोंब्यासारखं झोपावं असं तिला फार वाटलं. ती भ्याली होती आणि ते नाकारण्यात काही अर्थ नव्हता. शिंप्याच्या दारातली रेघ पुसून आता काय होणार होतं? तरी तिने पुसली. मग ती जवळजवळ पळतच पुढच्या गल्लीत शिरली.

तिथे वळणावरच्या घरापाशी दुसरी रेघ होती. तिच्याशेजारी निळं काही नव्हतं. अजून कोणी आलेलं नव्हतं. ताईच्या तोंडून सुस्कारा निघाला. ती उंबऱ्यापाशी उकिडवी बसली आणि फडक्याने घासू लागली. लाकूड जुनं होतं, रंग खडबडीत. खडू भेगांत गेला होता आणि सहज निघत नव्हता. ती नखाने कोरायला लागली. कोरण्याचा आवाज आत गेला असणार, कारण दार उघडलं.

दारात तिच्याच वयाची एक बाई उभी होती, हाताला पीठ लागलेलं. तिने खाली बसलेल्या ताईला पाहिलं आणि लगेच ओळखलं. पहिल्या फेरीला या घरी ताईच आली होती. तेव्हा ही बाई चौकटीला टेकून, हातवारे करत बोलली होती. न्यायालय बंद केलं ते तिला अजिबात पटलं नव्हतं. वाईट, वाईट, दहा वेळा लिहा वाईट, असं म्हणून ती हसलीही होती, आणि जाता जाता तिने ताईला पाणी दिलं होतं.

"चांगला आहे," बाई म्हणाली.

"नाही, मी—"

"कारभार चांगला आहे हो. त्या दुसऱ्या बाई आल्या होत्या, त्यांना मी सांगितलं तसं. पहिल्यांदा माझी जीभ घसरली. डोकं दुखत होतं माझं त्या दिवशी."

ताई उठून उभी राहिली. फडकं दाखवून ती म्हणाली की ती विचारायला आलेली नाही, ती फक्त हे पुसायला आली आहे. बाईने फडक्याकडे पाहिलं. चौकटीकडे पाहिलं. तिथे काही होतं हे तिला आत्ताच कळत होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि ती आत वळून नवऱ्याला हाका मारू लागली. नवरा आला तो अर्ध्या गालाला साबण लावलेला. त्याच्यामागून एक सहा-सात वर्षांची मुलगी आली, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून.

"सांगा ना यांना," बाई म्हणाली.

"फार चांगला चाललाय," नवरा म्हणाला. "आम्ही दोघंही नेहमी म्हणतो."

बाईने मुलीला पुढे ढकललं आणि तिच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला. मुलीला काय करायचं ते ठाऊक होतं. ती पाय जुळवून उभी राहिली आणि शाळेतली कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाली की आपले राष्ट्राध्यक्ष फार चांगले आहेत. मग बरोबर म्हटलं का, ते बघायला तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

इतक्या वर्षांत लोकांनी ताईच्या तोंडावर दारं आपटली होती, तिच्यावर कुत्री सोडली होती, एकाने बादलीभर पाणीसुद्धा ओतलं होतं. तिला कोणी घाबरलं मात्र नव्हतं.

"झालं ना?" बाईने विचारलं. "आता परत नाही ना येणार तुम्ही?"

ताई म्हणाली, नाही येणार. बाईने समजल्यासारखी मान हलवली, आणि तिचा त्यावर विश्वास बसलेला नाही हे ताईला समोर दिसत होतं.